जुने शिलाई मशीन जड चालत असेल आणि खाली दोऱ्याचे गुंते होत असतील, तर स्क्रूला हात लावण्यापूर्वी काय पाहावे

जळगाव जिल्ह्यातील पारोळा तालुक्यातील एका ताईंनी विचारले आहे की त्यांच्याकडे सासूबाईंच्या काळातील काळे, पायाने चालवायचे शिलाई मशीन आहे. पावसाळाभर ते मागच्या खोलीत झाकून ठेवले होते. दिवाळीनंतर ब्लाऊज शिवण्यासाठी बाहेर काढले, तेव्हा ते फार जड चालू लागले, कापडाच्या खालच्या बाजूस दोऱ्याचे गुंते होऊ लागले आणि ताणणाऱ्या कापडावर मधले मधले टाके सुटू लागले. गावातील एकाने शटल, म्हणजे सुईखाली फिरून दोन दोरे गुंफणारा भाग, बदलायला सांगितले, दुसऱ्याने हे विकून नवे मशीन घ्या असे सुचवले, आणि दरम्यान त्यांनी स्वतः बॉबिन केसचा, म्हणजे खालच्या दोऱ्याची फिरकी (बॉबिन) धरणाऱ्या डबीचा, बारीक स्क्रू पुष्कळदा फिरवून पाहिला, तरी फरक पडला नाही.

ताई, मशीन विकू नका आणि शटलही इतक्यात बदलू नका. या जुन्या काळ्या मशीनचा सांगाडा ओतीव लोखंडाचा असतो, त्यातील जवळजवळ प्रत्येक भाग स्क्रू काढून सुटा करता येतो, आणि हे सुटे भाग लुधियानात आजही मोठ्या प्रमाणावर बनत असल्याने जळगाव-धुळ्याच्या बाजारात मिळतात. माझे ठाम मत असे आहे की घरगुती मशीनची कारखान्यात बसवलेली जुळणी आपोआप सहसा बिघडत नाही. रोजच्या वापरात बदलतात त्या चारच गोष्टी : दोरा, सुई, कचरा आणि तेल. म्हणून तपासणीही या चार गोष्टींपासून सुरू करावी, एका वेळी एकच बदल करून शिवून पाहावे, आणि स्क्रू फिरवण्याची पाळी सर्वांत शेवटी यावी. आधी स्क्रू फिरवला की मूळ दोष तसाच राहतो आणि त्यावर दुसरा दोष चढतो. मग कोणता कशामुळे आला हे ओळखणे अनुभवी कारागिरालाही अवघड जाते.

टाका कसा पडतो हे एकदा नीट समजले की पुढचे सारे सोपे होते. सुई वरचा दोरा घेऊन कापडातून खाली उतरते. अगदी तळाला जाऊन ती साधारण दोन ते अडीच मिलिमीटर वर आली की कापडाने धरून ठेवलेला दोरा तिच्याबरोबर वर येत नाही, तो सुईच्या मागील बाजूस फुगतो आणि त्याचा एक लहानसा फासा तयार होतो. त्याच क्षणी शटलची टोकदार चोच त्या फाशात शिरते, फासा मोठा करत बॉबिन केसभोवती फिरवून आणते, आणि मशीनच्या तोंडाशी वरखाली होणारी भोकाची कांडी, म्हणजे टेक-अप, तो फासा वर खेचून घेते. वरचा ताण आणि खालचा ताण सारखा असेल तर दोन दोऱ्यांची गुंफण कापडाच्या जाडीच्या मध्यात बसते आणि दोन्ही बाजूंनी टाका सारखा दिसतो. गुंता, सुटलेला टाका किंवा तुटलेला दोरा यांपैकी काहीही झाले तरी या क्रमातील कोणती तरी एक पायरी चुकलेली असते.

आता जडपणाकडे वळू, कारण मशीन हलके फिरल्याशिवाय बाकीची तपासणी विश्वासार्ह होत नाही. प्रथम वरच्या चाकावरून चामडी वादी उतरवा आणि चाक हाताने आपल्या दिशेने फिरवा. ते सहज फिरले तर दोष मशीनच्या डोक्यात, म्हणजे वरच्या भागात, नसून खालच्या स्टँडमध्ये आहे : पायट्याचे, म्हणजे पायाने चालवायच्या फळीचे, सांधे कोरडे झालेले असतील, मोठ्या चाकाच्या कण्याभोवती दोरे गुंडाळले गेले असतील किंवा वादी फार घट्ट असेल. चाक हाताने फिरवतानाही जड लागले, तर चाकाच्या मधला मोठा गोल स्क्रू, जो आपण बॉबिन भरताना सैल करतो, तो सैल करून पुन्हा फिरवा. आता सुई न हलता नुसते चाक फिरेल. ते एकटे फिरतानाही अडत असेल तर चाकाच्या आतच तेल सुकले आहे. ते मोकळे फिरत असेल तर स्क्रू पुन्हा आवळा, मशीन मागे कलवा, बॉबिन केस आणि शटल बाहेर काढा (कसे ते पुढे सफाईत दिले आहे) आणि चाक फिरवून पाहा. जडपणा एकदम गेला तर शटलच्या घरात दोरा अडकला आहे, आणि पावसाळ्यानंतर काढलेल्या मशीनमध्ये जर तो तसाच राहिला तर तेल गोठले आहे. पाच मिनिटांच्या या तपासणीने दोष कुठल्या भागात आहे ते नक्की होते आणि उगाच सारे मशीन खोलावे लागत नाही.

मधला स्क्रू काढल्यास आतील कानांची वॉशर ज्या बाजूने निघाली त्याच बाजूने बसवावी. ती उलटी बसली तर स्क्रू कितीही आवळला तरी चाक नुसतेच गरगर फिरते आणि सुई हलत नाही. तसे झाले तर वॉशर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवावी, एवढाच उपाय आहे.

गोठलेल्या तेलाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्या भागात ही तक्रार सर्वांत जास्त आढळते आणि तिचे मूळ स्वयंपाकघरात असते. हाताशी मशीनचे तेल नसले की खोबरेल, शेंगदाण्याचे किंवा सरकीचे तेल सोडले जाते. त्या दिवशी मशीन छान हलके होते, पण खाद्यतेल हवेशी संयोग पावून महिन्या-दोन महिन्यांत चिकट होते आणि पुढे त्याचा पिवळट, कडक थर बनतो. यात सरकीचे तेल विशेष वाईट. खोबरेलाची गोष्ट वेगळी आहे. ते सुमारे 24 अंशांखाली थिजते, आणि धुळे-जळगावकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा अंशांच्याही खाली जातो. म्हणून मशीन सकाळी हलतच नसेल आणि दुपारी ऊन चढल्यावर सुरळीत चालत असेल, तर त्यात कधी तरी खोबरेल पडले आहे असे खुशाल समजावे. शिलाई मशीनचे तेल हे पातळ, बिनरंगाचे खनिज तेल असते. ते सुकून कडक होत नाही. लहान बाटली वर्षभर पुरते, तेव्हा यात काटकसर करू नये. गंज सोडवणारे फवारेही तेलाच्या जागी वापरू नयेत. ते अडकलेला भाग मोकळा करतात, पण वंगण म्हणून टिकत नाहीत.

गोठलेले तेल काढण्यासाठी रॉकेल मिळाले तर उत्तम. मशीनच्या वरच्या बाजूस तेलासाठी ठेवलेल्या प्रत्येक भोकात आणि खालच्या प्रत्येक सांध्यावर रॉकेलाचे दोन-तीन थेंब सोडून रात्रभर राहू द्यावे, सकाळी चाक मागे-पुढे थोडे थोडे हलवत मोकळे करावे, बाहेर आलेला तपकिरी मळ कापडाने पुसावा आणि तो स्वच्छ येईपर्यंत हे पुन्हा करावे. जोर लावून चाक फिरवू नये, कारण आतील एखादी पिन वाकू शकते. रॉकेल जुन्या तेलाबरोबर असलेनसले वंगणही धुऊन नेते, त्यामुळे नंतर लगेच मशीनचे तेल सोडणे आवश्यक आहे. नाही तर दोनच दिवसांत मशीन पूर्वीपेक्षा कोरडे होईल. हे काम चूल, शेगडी आणि देवघरातील दिव्यापासून दूर, मोकळ्या हवेत करावे. रॉकेल मिळत नसेल तर मशीनचेच तेल तीन-चार दिवस रोज सोडून चाक हलवत राहावे. वेळ लागतो, पण भाग सुटतात. उन्हाळ्यात डोके स्टँडवरून उतरवून तासभर उन्हात ठेवल्यास चिकटलेला थर मऊ पडतो आणि काम निम्मे होते. काळ्या मशीनवरील सोनेरी नक्षी मात्र स्पिरिटने किंवा थिनरने कधीही पुसू नये, कारण तिच्यावरील संरक्षक थर स्पिरिटमध्ये विरघळतो आणि नक्षी कापडावर निघून येते.

यानंतर शटलची सफाई. सुई सर्वांत वर आणा, बॉबिन केस काढा, शटलच्या गोल कड्याला धरून ठेवणारे दोन खटके बाहेरच्या बाजूस वळवा, कडे उचला आणि शटलला मधल्या खुंटीला धरून अलगद बाहेर घ्या. आत काय सापडते हे पाहण्यासारखे असते : तेलाने काळा पडलेला तंतूंचा थर, त्यात रुतलेले दोऱ्याचे अर्ध्या-अर्ध्या इंचाचे तुकडे, आणि कित्येकदा तुटलेल्या सुईचे टोक. आपल्याकडे वेचणीनंतर भाव येईपर्यंत कापूस घरातच साठवला जातो, आणि ज्या खोलीत कापसाचा ढीग त्याच खोलीत मशीन, हे चित्र जिल्हाभर दिसते. कापसाचे सूक्ष्म तंतू हवेत सतत तरंगत असतात, ते तेलाच्या ओलाव्याला चिकटतात आणि शटलच्या घरात जमत जातात. त्या दिवसांत तरी मशीन दुसऱ्या खोलीत हलवावे, किंवा काम संपताच त्यावर पूर्ण आच्छादन घालावे. सफाईसाठी जुना दात घासण्याचा ब्रश आणि एक जाड सुई पुरते. तोंडाने फुंकू नये. फुंकरीने कचरा अधिक आत जातो आणि वाफेचा ओलावा पोलादावर बसतो. शटल पुसून तिच्या कडेच्या घसरपट्टीवर तेलाचा एकच थेंब द्यावा. परत बसवताना तिला ढकलणाऱ्या भागाची अर्धचंद्राची जागा आणि शटलचा अर्धचंद्र मिळून पूर्ण वर्तुळ झाले पाहिजे, मगच कडे नीट बसते आणि खटके हलक्या हाताने बंद होतात. खटके बंद करायला जोर लागत असेल तर काही तरी तिरपे आहे. पुन्हा काढून बसवावे.

तेल कुठे द्यावे हे साध्या नियमाने ठरते : जिथे धातूवर धातू घासतो, तिथे एक किंवा दोन थेंब. डाव्या बाजूची तोंडाची पट्टी काढल्यास सुईचा दांडा, कापड दाबून धरणाऱ्या मशीनच्या पायाचा दांडा आणि टेक-अपचे सांधे दिसतात. घरी बहुतेक जण वरच्या भोकांत तेल सोडतात आणि ही जागा कोरडी राहते. खालच्या बाजूस कापड पुढे सरकवणारे दात हलवणारे दांडे, आणि स्टँडवर पायट्याचे दोन्ही टोकांचे सांधे व उभ्या दांड्याची टोके, हेही विसरू नयेत. ताणाच्या चकत्या, वादी, बॉबिन भरण्याच्या चाकाची रबरी कडी आणि मोटर यांना तेल लागता कामा नये. तेल दिल्यावर मशीनचा पाय वर उचलून, दोरा न ओवता मशीन चार-पाच मिनिटे चालवावे, जास्तीचे तेल पुसावे आणि प्रथम चिंधीवर शिवावे, म्हणजे नव्या कापडावर डाग पडणार नाहीत.

आता खाली होणारे गुंते. येथे एक गोष्ट आपण पक्की लक्षात ठेवावी : कापडाच्या खाली दिसणारे गुंते बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यामुळे होतात. वरचा दोरा सैल सुटला की शटलने ओढलेला फासा परत वर खेचला जात नाही आणि तो खालीच साचतो. त्रास खाली दिसतो म्हणून माणूस बॉबिन केसचा स्क्रू पिळत बसतो, आणि आपलेही तेच झाले आहे. म्हणून वरचा दोरा पूर्ण काढून टाका, पाय वर उचला आणि नव्याने ओवा. पाय वर असताना ताणाच्या दोन चकत्या सैल होतात आणि दोरा त्यांच्यामध्ये बसतो. पाय खाली असताना ओवले तर दोरा चकत्यांच्या कडेवरच राहतो आणि त्याला ताण मिळत नाही. टेक-अपच्या भोकातून दोरा गेला आहे ना, हेही डोळ्यांनी पाहा. तो तिथून सुटला असेल तर पहिल्या चार टाक्यांतच खाली गोळा होतो. मग परीक्षा घ्या : पाय वर ठेवून सुईजवळचा दोरा ओढला तर तो सहज यावा, आणि पाय खाली सोडून ओढला तर स्पष्ट अडावा. दोन्ही वेळा तो सारखाच सैल येत असेल तर चकत्यांमध्ये कचरा किंवा दोऱ्याचा तुकडा आहे. पाय वर करून, घडी घातलेली पातळ मलमलची पट्टी चकत्यांमधून दोन-तीन वेळा ओढली की तो निघतो. चकत्यांजवळची बारीक तारेची स्प्रिंग वाकलेली किंवा तुटलेली असेल तरी टाका सैल पडतो. ती स्वस्त मिळते आणि बदलणे हाच तिचा उपाय आहे. वरच्या ताणाची चकती, म्हणजे त्या दोन चकत्यांपुढचा फिरवायचा नट, फिरवायची झाल्यास ती नेहमी पाय खाली असताना फिरवावी, कारण पाय वर असताना तिचा परिणाम समजत नाही.

आपण बॉबिन केसचा स्क्रू फिरवलेला असल्याने तो पुन्हा जागेवर आणावा लागेल. केसच्या पोलादी पत्तीवर दोन स्क्रू असतात. कडेचा पत्तीला धरून ठेवतो आणि मधला ताण ठरवतो. पांढऱ्या कापडावर बसून काम करा, कारण हा स्क्रू निसटला तर शेणाने सारवलेल्या जमिनीवरच काय, फरशीवरही सापडत नाही. पत्तीखाली साचलेला मळ टाचणीने अलगद काढा. मधला स्क्रू दोरा जेमतेम सरकेल इतका आवळा आणि तेथून पाव-पाव फेरा सैल करत जा. भरलेली बॉबिन घातलेली केस दोऱ्याला धरून लोंबती ठेवली असता ती आपोआप खाली येऊ नये, आणि हाताला हलकासा झटका दिल्यावर दोन-तीन बोटे सरकून थांबावी. तेवढा ताण सुती आणि पॉलिएस्टर ब्लाऊजच्या कापडाला योग्य असतो. यापुढे त्या स्क्रूला हात लावू नका, सारे जुळवणे वरच्या चकतीने करा. जुळवणीसाठी वर लाल आणि खाली पांढरा दोरा घेऊन, जे कापड शिवायचे त्याच्याच दुहेरी चिंधीवर शिवून पाहावे. पांढरा दोरा वरच्या बाजूस ठिपक्यांनी दिसू लागला तर वरचा ताण जास्त आहे. लाल दोरा खाली दिसला तर तो कमी आहे.

बॉबिनही तपासण्यासारखी गोष्ट आहे. हाताने किंवा सैल भरलेली, एका बाजूला फुगलेली, काठोकाठ भरलेली किंवा कडेला चेपलेली बॉबिन कधीही सारखा दोरा सोडत नाही. ती केसमध्ये घालताना दोरा खाचेत शिरून उलट दिशेला वळला पाहिजे. सरळ निघत असेल तर बॉबिन उलटी बसली आहे. केस आत बसवल्यावर बारीक खटका ऐकू आला पाहिजे. तो आला नाही तर केस अर्धवट बसली आहे आणि पहिल्याच फेऱ्यात सुई तिच्यावर आदळेल.

गुंत्याचे आणखी एक कारण पायट्याशी असते. सुरुवात करताना चाक हाताने आपल्याकडे फिरवून मगच पायटा चालवावा. पायटा उलटा चालला की चाक मागे फिरते, शटल उलटी हलते आणि दोरा तिच्या घरात अडकतो. मुले पायट्यावर बसून खेळतात त्या घरांत सकाळी मशीन अडलेले सापडते ते यामुळेच. रात्री वादी उतरवून ठेवली तर हा प्रश्न राहत नाही.

सुटणाऱ्या टाक्यांसाठी सर्वप्रथम सुई बदला, मग ती चांगली दिसत असली तरीही. सुईचे टोक नुसत्या डोळ्यांना टोकदार दिसते, पण जुन्या सुईचे टोक नखावरून हलके ओढल्यास ओरखडा उठतो. वाक ओळखण्यासाठी सुईची सपाट बाजू आरशाच्या काचेवर ठेवून प्रकाशाकडे पाहावे. सुई आणि काच यांमधील फट टोकापर्यंत सारखी दिसली पाहिजे. नवी सुई बसवताना ती वर अडेपर्यंत ढकलून मग स्क्रू आवळावा. ती एक मिलिमीटरही खाली राहिली तर शटलची चोच फाशाऐवजी भलत्याच जागी पोहोचते आणि टाका सुटतो. कोणती बाजू कुठे हे मशीनगणिक बदलते, पण नियम एकच आहे : ज्या बाजूने दोरा नेढ्यात शिरतो त्या बाजूस सुईची लांब खाच, आणि शटलच्या बाजूस सपाट बाजू. सुईच्या पाकिटावर दोन आकडे असतात, जसे 90 आणि 14. पहिला आकडा मिलिमीटरचे शतांश सांगतो, म्हणजे 90 क्रमांकाची सुई 0.9 मिलिमीटर जाड असते. तलम कापडाला 11, ब्लाऊजपीस आणि पॉपलिनला 14, जाड चादरीला किंवा जीनला 16 ते 18 क्रमांकाची सुई घ्यावी.

आपले टाके ताणणाऱ्या कापडावर सुटतात, यावरून कारण बरेचसे स्पष्ट होते. असे कापड सुईबरोबर खाली दबते आणि तिच्याबरोबरच वर उचलले जाते, त्यामुळे दोरा मागे राहत नाही आणि फासाच तयार होत नाही. त्यासाठी गोलसर टोकाची, होजिअरीची सुई मागून घ्यावी. ती तंतू न फोडता त्यांच्या मधून जाते. पायाचा दाब वरच्या स्क्रूने किंचित वाढवावा आणि तरीही टाके सुटले तर कापडाखाली पातळ कागदाची पट्टी ठेवून शिवावे, शिवून झाल्यावर ती फाडून काढता येते. सुती कापडावर टाके नीट पडत असतील तर शटल आणि जुळणी ठीक आहेत असे समजावे, आणि म्हणूनच मी आरंभी शटल बदलू नका असे म्हटले.

सुती कापडावरही, नव्या सुईने, टाके सुटत असतील तरच जुळणी पाहावी. मशीन मागे कलवून चाक हळू फिरवा. सुई तळापासून दोन ते अडीच मिलिमीटर वर आली असता शटलची चोच सुईच्या मागे, नेढ्याच्या किंचित वर पोहोचली पाहिजे आणि सुईला न घासता अगदी जवळून गेली पाहिजे. चोच उशिरा किंवा लवकर येत असेल तर जाड शिवणीवर सुई आदळून सुईचा दांडा वर-खाली सरकलेला असतो. हे काम जाणकाराकडून करून घ्यावे. चोचीचे टोक बोथट झाले किंवा मोडले असेल तर मात्र शटल बदलण्याचा सल्ला योग्य ठरतो.

दोरा वारंवार तुटत असेल तर आधी दोराच ओढून पाहा. पत्र्याच्या घरात खिडकीशी ठेवलेली रिळे उन्हाने कुजतात आणि हाताच्या झटक्याने तुटतात. अशी रिळे शिवणीला वापरू नयेत. सुती दोरा दमट हवेत बळकट आणि कोरड्या हवेत कमकुवत असतो, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांकडे सरकतो, तेव्हा हिवाळ्यात नीट चालणारा दोराही तुटू लागतो. सुती दोऱ्याचे रीळ आदल्या रात्री माठाजवळ ठेवल्यास फरक पडतो, मात्र ते भिजू देऊ नये. दोरा ठीक असूनही नेहमी एकाच लांबीवर झिजून तुटत असेल, तर सुई आदळून, ती ज्यातून खाली जाते त्या पट्टीच्या भोकाच्या कडेला खरवड आलेली असते. भोकाच्या कडेवरून नायलॉनचे मोजे ओढून पाहावेत. मोजे अडकले तर कडेला अगदी बारीक पॉलिश कागदाने हलक्या हाताने गुळगुळीत करावे.

कापड पुढे सरकत नसेल तर पट्टीचे दोन स्क्रू काढून दातांच्या रांगांमध्ये पाहावे. तेथे तंतू दाबून दाबून वातीसारखी घट्ट दोरी तयार झालेली असते आणि दात वर येऊनही कापडाला टेकत नाहीत. ती टाचणीने एका टोकाला उचलली की बहुधा अखंड निघते, आणि तिच्यात मागील हंगामात शिवलेल्या कापडांचे रंग थराथराने दिसतात. ब्लाऊजसाठी टाक्याची लांबी अडीच मिलिमीटर, म्हणजे एका इंचात सुमारे दहा टाके, ठेवावी.

वादी पावसाळ्यात ओल शोषून ताणते आणि चाकावर घसरते. अर्धा इंच कापून दोन टोके जोडणारी तार पुन्हा घालावी, पण फार घट्ट करू नये. बोटाने दाबल्यावर ती थोडी दबली पाहिजे. पुढे कधी मोटर बसवलीत तरी वादी फेकू नका, कारण भारनियमनाच्या दिवशी तीच कामाला येते. मोटरचा प्लग काढल्याशिवाय सुई बदलू नये किंवा शटलला हात लावू नये, आणि मोटरमध्ये मोठ्या ठिणग्या दिसू लागल्या तर तिचे कार्बन झिजले आहेत असे समजून ते बदलून घ्यावेत.

घरापुरते शिवत असाल तर आठवड्यातून एकदा शटलची सफाई आणि तेल पुरेसे आहे. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी किंवा लग्नसराईत मशीन दिवसभर चालते, तेव्हा शटलला रोज एक थेंब द्यावा आणि साधारण दोन-तीन दिवसांच्या सलग शिवणीनंतर सुई बदलावी. पावसाळ्यात मशीन बंद ठेवायचे असेल तर आधी संपूर्ण सफाई करून तेल द्यावे, सुई आणि पट्टी तेलाच्या कापडाने पुसावी, पायाखाली चिंधी ठेवून पाय खाली सोडावा आणि आठवड्यातून एकदा चाक हाताने दहा-बारा फेरे फिरवावे. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नये, आतील ओल बाहेर पडत नाही आणि गंज लवकर चढतो. जाड सुती कापडाचे आच्छादन अधिक चांगले.

एवढे सगळे करूनही दोष राहिला आणि जुळणीसाठी कारागिराकडे जावे लागले, तर डोक्याबरोबर बॉबिन केस, आपण वापरता ते दोन्ही दोरे, सुईचे पाकीट आणि दोष स्पष्ट दिसेल अशी शिवलेली चिंधी सोबत न्यावी, आणि जुळवून झाल्यावर त्याच दोऱ्याने, त्याच कापडावर, त्याच्यासमोर हातभर शिवून मगच मशीन ताब्यात घ्यावे. एखादा भाग बदलायचा झाल्यास जुना भाग परत मागून घ्यावा, कारण दुकानात नवा भाग निवडताना तो शेजारी ठेवून ताडून पाहिल्याशिवाय शटल किंवा केसमधील अर्ध्या मिलिमीटरचा फरक लक्षात येत नाही.